चतुर्भुजाची अनियत स्थिती : ‘लीलावती’तील एका आक्षेपाचे परीक्षण

भूमितीच्या आरंभीच्या पाठांत त्रिकोण आणि चौकोन यांची नावे एकामागून एक येतात. त्यामुळे दोहोंचे स्वरूप एकाच जातीचे आहे, चौकोनास एक बाजू अधिक एवढाच काय तो भेद, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा भेद केवळ संख्येचा नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोण ठरतो. त्याचे कोन, त्याचा लंब, त्याचे क्षेत्रफळ, सर्व काही त्या तीन मापांतून निष्पन्न होते. चार बाजूंच्या लांबी ठरल्याने मात्र चौकोन ठरत नाही. चार काठ्या टोकांशी खिळवून केलेली चौकट दाबली असता वाकते. तीन काठ्यांची वाकत नाही. सुताराला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच दाराच्या फळ्यांना तो तिरपी पट्टी ठोकतो. परंतु जे सुताराच्या हाताला ठाऊक असते ते गणिताच्या ग्रंथात नियम म्हणून उतरण्यास कधी कधी शतके लागतात.

भारतीय गणितात हा भेद स्पष्ट शब्दांत आणि काहीशा रागाने मांडला गेला तो भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त. इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. तिच्या क्षेत्रव्यवहारात चतुर्भुजाच्या क्षेत्रफळाचा एक जुना नियम देऊन लगेच त्यावर आक्षेप घेतला आहे. तो नियम ब्रह्मगुप्तांचा. आक्षेप इतका ठाम आहे की पुढील वाचकांपैकी काहींनी ब्रह्मगुप्तांचा नियमच चुकीचा ठरविला, तर आधुनिक काळातील काहींनी उलट भास्कराचार्यांनाच पूर्वसूरींचे मर्म कळले नाही असा निर्वाळा दिला. हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत. आक्षेपाचा नेमका विषय कोणता, तो कोठवर टिकतो आणि कोठे थांबतो, हे ग्रंथातील उदाहरणांच्याच आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम मूळ नियम पाहू. ब्रह्मगुप्तांचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ इ. स. ६२८ चा. त्याच्या बाराव्या अध्यायात त्रिभुज व चतुर्भुज यांच्या क्षेत्रफळाचे दोन प्रकार एकाच श्लोकात सांगितले आहेत. पहिला स्थूल : समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांची अर्धी घ्यावी आणि त्यांचा गुणाकार करावा. दुसरा सूक्ष्म : चारही बाजूंच्या बेरजेचे अर्ध चार ठिकाणी मांडावे, त्यातून एकेक बाजू वजा करावी, उरलेल्या चार संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. चौथी बाजू शून्य मानली की हाच नियम त्रिभुजास लागू पडतो, आणि त्रिभुजापुरता तो अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या ग्रंथातही आढळतो. चतुर्भुजासाठी त्याचा झालेला विस्तार हे ब्रह्मगुप्तांच्या भूमितीचे वैशिष्ट्य होय.

या नियमाबरोबर कोणतीही अट शब्दांनी सांगितलेली नाही. आज शाळेतही शिकविले जाते की हे सूत्र चक्रीय चतुर्भुजापुरते, म्हणजे ज्याची चारही टोके एकाच वर्तुळावर आहेत अशा चतुर्भुजापुरते, खरे आहे. ब्रह्मगुप्तांच्या श्लोकात मात्र वर्तुळाचा उल्लेख नाही. वादाचे मूळ या मौनात आहे. पुढे श्रीधराचार्यांनी व महावीराचार्यांनीही हा नियम आपापल्या ग्रंथांत घेतला, आणि अटीवाचूनच तो परंपरेत रूढ झाला.

२

भास्कराचार्यांनी नियम जवळजवळ त्याच शब्दांत दिला, पण त्याच्या फळाला निराळे विशेषण जोडले. त्रिभुजात हे फळ स्पष्ट, चतुर्भुजात अस्फुट, असा त्यांचा निर्णय आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेले उदाहरण विशेष विचारपूर्वक निवडलेले दिसते. भूमी १४, मुख ९, दोन भुजा १३ आणि १२, आणि लंब १२. यातील एक भुजा व लंब दोन्ही बारा असल्याने ती भुजा भूमीवर काटकोनात उभी आहे हे उघड आहे. दुसरी भुजा १३, आणि भूमी व मुख यांतील अंतर ५, म्हणून ५, १२, १३ हा परिचित काटकोन त्रिकोण एका बाजूस बसतो. क्षेत्रफळ काढणे सोपे आहे. भूमी व मुख यांच्या बेरजेचे अर्ध साडेअकरा, त्याला बाराने गुणिले असता १३८. हेच जुन्या नियमाने काढले तर बेरजेचे अर्ध २४. उरलेल्या संख्या १०, १५, ११ आणि १२. त्यांचा गुणाकार १९८००. त्याचे वर्गमूळ १४१ हून किंचित कमी. स्थूल नियमाने तर १४३ पूर्णांक तीन चतुर्थांश येते. एकाच क्षेत्राची तीन फळे मिळाली, आणि त्यांतील १३८ हेच खरे यात संशयास जागा नाही, कारण हे क्षेत्र एक आयत आणि एक काटकोन त्रिकोण यांत डोळ्यांसमोर विभागले जाते.

एवढ्यावर थांबले असते तर हे केवळ प्रत्युदाहरण झाले असते. भास्कराचार्य पुढे जाऊन कारण सांगतात, आणि त्या कारणात आक्षेपाचे खरे मोल आहे. चतुर्भुजाचे कर्ण अनियत असतात. मग त्याचे फळ नियत कसे असेल, असा त्यांचा प्रश्न आहे. श्लोकांच्या मध्ये येणाऱ्या गद्यात ते एक कृती वर्णितात. समान बाजूंच्या चतुर्भुजाचे एकाआड एक असे दोन कोपरे धरून आत दाबले असता त्या कोपऱ्यांना जोडणारा कर्ण आखडतो आणि दुसरा कर्ण बाहेर पसरून वाढतो. बाजू त्याच राहतात, कर्ण बदलतात, आणि कर्णांबरोबर क्षेत्रफळही बदलते. सुताराच्या वाकणाऱ्या चौकटीचा हा दाखला गणिताच्या ग्रंथात प्रमाण म्हणून येतो ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

यानंतरचे उदाहरण ही कृती आकड्यांत उतरविते. चारही बाजू २५ असलेले चतुर्भुज घ्यावे. एक कर्ण ३० मानला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ मानला तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण समान मानले तर चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५. जुन्या नियमात घातले असता मात्र तिन्ही वेळा ६२५ हेच उत्तर येते, कारण त्या नियमाला बाजूंवाचून दुसरे काही दिसतच नाही. म्हणूनच भास्कराचार्य निक्षून सांगतात की लंब किंवा कर्ण यांपैकी काहीही न सांगता जो चतुर्भुजाचे नियत फळ विचारतो तो पिशाच, आणि जो त्याला उत्तर देतो तो त्याहूनही मोठा पिशाच. हा उग्र शब्द त्यांचा स्वतःचा नाही. सामान्यतः दहाव्या शतकात मानल्या जाणाऱ्या द्वितीय आर्यभटांच्या ‘महासिद्धान्ता’त कर्ण जाणल्यावाचून चतुर्भुजाचे फळ सांगू पाहणाऱ्या गणकास मूर्ख किंवा पिशाच असे आधीच म्हटले होते. म्हणजे आक्षेप परंपरेत पूर्वीपासून होता. भास्कराचार्यांनी त्याला उपपत्ती दिली.

३

या आक्षेपातील ग्राह्य भाग प्रथम निश्चित केला पाहिजे, कारण पुढील चर्चेत तो विसरला जाण्याचा संभव आहे.

भारतीय क्षेत्रगणितात कोनाला माप नाही. काटकोन आहे, परंतु साठ अंशांचा किंवा सत्तर अंशांचा कोन अशी राशी क्षेत्रव्यवहारात येत नाही. क्षेत्राचे वर्णन भुजा, कर्ण आणि लंब या तीन प्रकारच्या रेषांनीच होते. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’च्या पहिल्या खंडातील चतुर्भुजांच्या व्याख्या याच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. तेथे चौरस, आयत, समभुज, समांतरभुज आणि उरलेले सर्व असे पाच वर्ग आहेत, आणि ते बाजू व कोन या दोहोंच्या आधारे पाडलेले आहेत. चारही बाजू समान असून कोन काटकोन असतील तर चौरस; बाजू समान पण कोन काटकोन नसतील तर समभुज. ज्या गोष्टीसाठी भास्कराचार्यांना चौकट दाबून दाखवावी लागली, तो भेद युक्लिडच्या व्याख्येतच आहे. मात्र युक्लिडच्या ग्रंथात बाजूंच्या आकड्यांवरून क्षेत्रफळ काढण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तेथे हा वाद उत्पन्न होत नाही. ज्या परंपरेने क्षेत्रफळ आकड्यांत मागितले आणि आकडे बाजूंचे दिले, त्याच परंपरेत आकृती निश्चित होण्यास आणखी काय लागते हा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते.

भास्कराचार्यांचे उत्तर अचूक आहे. चार बाजूंखेरीज पाचवे एक माप लागते, मग ते कर्णाचे असो वा लंबाचे. आजच्या भाषेत, प्रतलातील बहुभुजाकृती निश्चित होण्यास बाजूंच्या संख्येच्या दुपटीतून तीन वजा केले असता येतील इतकी मापे लागतात : त्रिकोणास तीन, चौकोनास पाच, पंचकोनास सात. त्रिकोणाच्या बाबतीत ही संख्या बाजूंच्या संख्येइतकीच भरते. तो त्याचा एकट्याचा विशेष आहे, आणि त्रिकोणावरून चौकोनाविषयी अनुमान करण्यातील धोका नेमका येथे आहे. ब्रह्मगुप्तांच्या श्लोकात दोन्ही आकृती एकाच वाक्यात गुंफल्या होत्या; भास्कराचार्यांनी ते वाक्य फोडले आणि एका अर्धास स्पष्ट, दुसऱ्यास अस्फुट म्हटले. नियमाच्या विषयांतील हा भेद ओळखणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

याचा व्यवहारातील अर्थही लहान नाही. शेताच्या चार बांधांची लांबी मोजून क्षेत्र काढले तर ते खऱ्याहून अधिकच भरण्याचा संभव असतो, आणि क्षेत्रावर सारा असेल तर अधिक क्षेत्र म्हणजे अधिक सारा. वरील समभुज क्षेत्रात ३३६ च्या जागी ६२५ येते. ही चूक जवळजवळ दुपटीची आहे. महाराष्ट्रातील जमीनमोजणीत दीर्घकाळ चाललेल्या शंकू-साखळी पद्धतीत शेतातून एक आधाररेषा घेऊन तिच्यावर कोपऱ्यांपासून लंब टाकतात आणि शेताचे त्रिकोण व समलंब भाग पाडतात. केवळ बांध मोजून काम भागत नाही. ‘लीलावती’ने मागितलेले पाचवे माप हेच होय.

४

आता आक्षेपाची दुसरी बाजू. भास्कराचार्यांनी नियमाच्या फळास सरसकट अस्फुट म्हटले. हे विशेषण त्यांच्याच ग्रंथातील इतर उदाहरणांशी ताडून पाहिले असता टिकत नाही.

‘लीलावती’त पुढे एक विषम चतुर्भुज येते : मुख ५१, भूमी ७५, एक भुजा ६८, दुसरी ४०. येथे एक कर्ण ७७ घेऊन क्षेत्राचे दोन त्रिभुज पाडले आहेत. त्यांतील ७५, ६८, ७७ या त्रिभुजाचे फळ २३१०, आणि ५१, ४०, ७७ या त्रिभुजाचे ९२४. दोहोंची बेरीज ३२३४. दुसरा कर्ण ८५ येतो. पद्धत निर्दोष आहे, कारण पाचवे माप दिलेले आहे. आता त्याच चार बाजूंवर ‘अस्फुट’ नियम लावून पाहावा. बेरजेचे अर्ध ११७. उरलेल्या संख्या ६६, ४२, ४९ आणि ७७. त्यांतील ४२ आणि ७७ यांचा गुणाकार ३२३४, आणि ६६ व ४९ यांचाही गुणाकार ३२३४. वर्गमूळ अर्थातच ३२३४. ज्या नियमास अस्फुट म्हटले, तो येथे एका एककाचाही फरक न करता खरे फळ देतो.

हा योगायोग नव्हे. ७५ आणि ४० यांच्या वर्गांची बेरीज ७२२५, आणि ६८ व ५१ यांच्या वर्गांचीही ७२२५; दोन्ही ८५ चे वर्ग. म्हणजे ८५ हा दुसरा कर्ण दोन काटकोन त्रिकोणांचा समान कर्ण आहे, आणि अर्थात ८५ व्यासाच्या एकाच वर्तुळावर चारही टोके बसतात. क्षेत्र चक्रीय आहे, म्हणून नियम खरा ठरला. उलट १४, ९, १३, १२ या क्षेत्रात काटकोन लागोपाठच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि समोरासमोरच्या कोनांची बेरीज दोन काटकोन भरत नाही. ते चक्रीय नाही, म्हणून नियम चुकला. दोन्ही उदाहरणे एकाच ग्रंथात, थोड्याच अंतरावर आहेत. एकात नियम खरा आणि एकात खोटा ठरतो. असे का, हा प्रश्न ही उदाहरणे वाचकापुढे ठेवतात, पण ‘अस्फुट’ हे विशेषण तो प्रश्न बंद करते.

याहून अधिक उद्बोधक उदाहरण २५, ३९, ५२, ६० या बाजूंच्या चतुर्भुजाचे आहे. हे क्षेत्र ब्रह्मगुप्तांच्या रीतीने ३, ४, ५ आणि ५, १२, १३ या दोन काटकोन त्रिकोणांपासून बनते. एकाच्या भुजांना दुसऱ्याच्या कर्णाने गुणावे : ३ व ४ यांना १३ ने गुणिले असता ३९ व ५२, आणि ५ व १२ यांना ५ ने गुणिले असता २५ व ६०. त्याचे कर्ण ५६ आणि ६३. ब्रह्मगुप्तांची कर्ण काढण्याची रीत लांबलचक आहे असे म्हणून भास्कराचार्य येथे एक लघुरीत देतात. मूळ त्रिकोणांच्या भुजा-कोटींचे गुणाकार करून बेरीज घेतली की कर्ण लगेच हाती येतात. पुढे ते असेही नमूद करतात की भुजा व मुख यांची अदलाबदल केली असता दोन मूळ कर्णांचा गुणाकार, म्हणजे ६५, हा एक कर्ण होतो.

हा ६५ चा आकडा त्या क्षेत्राच्या परिवर्तुळाचा व्यास आहे. ३९ व ५२ यांच्या वर्गांची बेरीज ४२२५. २५ व ६० यांच्याही वर्गांची बेरीज ४२२५. आणि तो ६५ चा वर्ग. बाजूंचा क्रम बदलला तरी वर्तुळ तेच राहते, क्षेत्रफळही १७६४ च राहते. अट हाती आली होती. तिला नाव देणे तेवढे उरले होते. परंतु पूर्वाचार्यांनी साधलेले कर्ण त्यांनी स्वतः कल्पिलेल्या क्षेत्रांपुरतेच खरे, अन्यत्र नव्हेत, एवढे म्हणून भास्कराचार्य पुढे जातात. हे विधान अक्षरशः खरे आहे. पूर्वाचार्यांची क्षेत्रे एका विशिष्ट जातीची होती हे त्यांना दिसले होते. त्या जातीचे लक्षण कोणते, हा पुढचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही. त्यांच्या आक्षेपाची मर्यादा गणिताच्या चुकीत नाही, ती या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

५

मग ब्रह्मगुप्तांना ती जात ठाऊक होती काय ? श्लोकातील मौनावरून उत्तर देता येत नाही. त्यांच्या भूमितीच्या अंतर्गत रचनेवरून मात्र देता येते.

ब्रह्मगुप्तांच्या चतुर्भुजांचे प्रकार पाच आहेत : सम, आयत, द्विसम, त्रिसम आणि विषम. या यादीत समांतरभुज चौकोन नाही, आणि काटकोनांवाचूनचा समभुज चौकोनही नाही. येथे ‘सम’ या शब्दाने चौरसच अभिप्रेत आहे, याचा पुरावा त्यांच्याच दुसऱ्या नियमात आहे. विषमाखेरीज इतर चतुर्भुजांत समोरासमोरच्या बाजूंचे गुणाकार करून बेरजेचे वर्गमूळ घेतले की कर्ण मिळतो, असे ते सांगतात. बाजू २५ असेल तर या नियमाने १२५० चे वर्गमूळ येते, आणि तो फक्त चौरसाचाच कर्ण असू शकतो. भास्कराचार्यांची ३० व ४० किंवा १४ व ४८ या कर्णांची क्षेत्रे ब्रह्मगुप्तांच्या ‘सम’ या संज्ञेत मुळातच बसत नाहीत. चौरस, आयत, दोन भुजा समान असलेला समलंब आणि तीन बाजू समान असलेला समलंब हे चारही प्रकार स्वभावतः चक्रीय आहेत. पाचव्या, विषम प्रकाराची रचना त्यांनी दोन काटकोन त्रिकोणांवरून सांगितली आहे, आणि तिच्यातून निघणारे क्षेत्र नेहमी चक्रीयच असते. शिवाय चतुर्भुजाची ‘हृदयरज्जु’, म्हणजे परिवर्तुळाची त्रिज्या, काढण्याचे नियमही त्याच प्रकरणात आहेत. २५, ३९, ५२, ६० या क्षेत्रात समोरासमोरच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ ६५, त्याचे अर्ध साडेबत्तीस, हीच हृदयरज्जु. ज्या आकृतीला परिवर्तुळ नाही तिच्या हृदयरज्जूचा नियम कोणी देणार नाही.

तेव्हा अट ब्रह्मगुप्तांच्या संज्ञांत होती, नियमात नव्हती. पुरावा यापलीकडे नेता येत नाही, आणि त्यावरून ब्रह्मगुप्तांना सर्वस्वी दोषमुक्त करणेही योग्य होणार नाही. ‘विषम’ हा शब्द व्यवहारात कोणत्याही वेड्यावाकड्या चौकोनास लागतो. अध्याय समग्र वाचणाऱ्यास त्याची व्याप्ती कळेल. पण सूत्रग्रंथातील नियम सुटे पाठ होतात, एका ग्रंथातून दुसऱ्यात जातात, आणि जाताना संज्ञांचा परिसर मागे राहतो. चौदा-नऊ-तेरा-बाराचे क्षेत्र नावाने विषम आहे, ब्रह्मगुप्तांच्या अर्थाने नाही. भास्कराचार्यांनी नियम ज्या सुट्या स्वरूपात परंपरेत चालला होता त्या स्वरूपात घेतला आणि त्या स्वरूपात तो खोटा ठरविला. आक्षेप परंपरेतील नियमावर आहे असे मानले तर तो पूर्णतः न्याय्य आहे. ब्रह्मगुप्तांच्या भूमितीवर आहे असे मानले तर तो लक्ष्यास लागत नाही.

६

‘लीलावती’चा अधिकार पुढे फार वाढला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. पाठ्यग्रंथातील निर्णय सहसा पुन्हा तपासला जात नाही. तरीही न विचारलेला प्रश्न तसाच पडून राहिला नाही, हे भारतीय गणिताच्या जिवंतपणाचे लक्षण होय. नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त (इ. स. १३५६) मुख व भुजा यांच्या अदलाबदलीने उत्पन्न होणाऱ्या तिसऱ्या कर्णास स्वतंत्र स्थान दिले, आणि तिन्ही कर्णांच्या गुणाकारास परिवर्तुळाच्या व्यासाच्या दुपटीने भागले असता क्षेत्रफळ येते असे दाखविले. वरील क्षेत्रात ५६, ६३ आणि ६५ यांच्या गुणाकारास १३० ने भागावे. १७६४ च येतात. भास्कराचार्यांनी ज्या ६५ ची नोंद करून सोडून दिली, तीच येथे सिद्धान्ताचा आधार झाली. पंधराव्या शतकात केरळातील परमेश्वरांनी चक्रीय चतुर्भुजाच्या परित्रिज्येचा सामान्य नियम दिला, आणि सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषे’त ब्रह्मगुप्तांच्या क्षेत्रफळाच्या नियमाची सविस्तर उपपत्ती मिळते. त्याच शतकात ‘लीलावती’वरील ‘क्रियाक्रमकरी’ या केरळीय टीकेतही चक्रीय चतुर्भुजाचा विस्ताराने विचार झाला. म्हणजे मूळ ग्रंथाने बंद केलेला प्रश्न त्याच्याच टीकेत उघडला गेला.

युरोपात कोलब्रुकच्या १८१७ च्या भाषांतराने हे दोन्ही ग्रंथ परिचित झाले, आणि ब्रह्मगुप्तांची ही प्रकरणे चक्रीय चतुर्भुजाविषयी आहेत हे शालने १८३७ मध्ये दाखवून दिले. पुढे १८४२ मध्ये ब्रेट्श्नायडरने कोणत्याही चतुर्भुजास लागू पडणारे सूत्र दिले. त्यात ब्रह्मगुप्तांच्या गुणाकारातून आणखी एक पद वजा होते, आणि ते पद समोरासमोरच्या कोनांच्या बेरजेवर अवलंबून असते. बेरीज दोन काटकोन झाली की पद शून्य होते आणि ब्रह्मगुप्तांचे सूत्र उरते. एरवी फळ कमीच येते. म्हणजे चार बाजू दिल्या असता शक्य असलेल्या सर्व क्षेत्रफळांत ब्रह्मगुप्तांचे फळ सर्वांत मोठे. भास्कराचार्यांची अनियतता आणि ब्रह्मगुप्तांची नियतता या एका सूत्राच्या दोन बाजू ठरतात : बाजूंनी क्षेत्रफळ ठरत नाही, त्याची कमाल मर्यादा मात्र ठरते. ६००, ३३६ आणि ६२५ या तीन फळांत ६२५ सर्वांत मोठे का, याचे उत्तरही त्यातच आहे.

या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष दोन्ही आचार्यांपैकी एकास विजयी ठरविण्याचा नाही. ब्रह्मगुप्तांनी एका विशिष्ट जातीच्या आकृतींविषयी परिपूर्ण सिद्धान्त दिला आणि जातीचे लक्षण शब्दांत सांगितले नाही. भास्कराचार्यांनी लक्षणावाचूनचा सिद्धान्त चालणार नाही हे दाखविले आणि लक्षण शोधले नाही. पहिल्या उणिवेमुळे नियम पाच शतके भलत्या क्षेत्रांना लावला जाण्याचा धोका राहिला; दुसरीमुळे एका उत्कृष्ट सिद्धान्तावर अस्फुटतेचा शिक्का बसला. प्राचीन गणिताच्या अभ्यासकाने सूत्र उद्धृत करताना ते कोणत्या आकृतीविषयी आहे हे त्या ग्रंथाच्या संज्ञांवरून प्रथम निश्चित करावे, आणि खंडन उद्धृत करताना ते मूळ ग्रंथाचे आहे की परंपरेत सुटा झालेल्या नियमाचे आहे हे पाहावे. ‘लीलावती’ शिकविताना चौदा-नऊ-तेरा-बाराच्या क्षेत्राशेजारी पंचाहत्तर-एक्कावन्नचे क्षेत्र ठेवले, आणि जुना नियम दोहोंना लावून पाहण्यास सांगितले, तर विद्यार्थ्यास आक्षेपाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच तासात स्वतःच्या आकडेमोडीने कळतील.